विद्यापीठांचे खेळाडू आणि त्यांचे पाठीराखे
(नभोवाणीवरील भाषण)

अशी कल्पना करा कीं, अमेरिकेंतील एका विद्यापीठाच्या गांवीं अठरा-एकोणीस वर्षांचा एक विद्यार्थी केस कापून घेण्यासाठीं न्हाव्याच्या दुकानांत गेला आहे. केस कापून झाल्यावर पैसे देण्यासाठीं तो खिशांत हात घालतो. इतक्यांत दुकानाचा मालक त्याचा हात धरून म्हणतो, "राहूं दे रे! शनिवारच्या सामन्यांत तूं जो पराक्रम गाजवलास, त्यापुढें या चार पैशांची काय मातबरी?" मुलगा संकोचतो, आभार मानतो आणि घरीं जातो. आपल्याकडे असा प्रसंग घडला, तर त्या मालकाच्या रसिकतेचें आपण कौतुकच करूं. परंतु अमेरिकेंतील विद्यापीठीय खेळांच्या नियमांप्रमाणें कित्येक दशकें हा अपराध होता. आणि त्यापायीं खेळण्याचा हक्क गमवावा लागे तो केस कापणाऱ्यास नव्हे, तर कापून घेणाऱ्यास!

प्रथमदर्शनीं हा नियम हास्यास्पद वाटतो. एका केशकर्तनाच्या मोलासाठीं मोठमोठ्या विद्यापीठांनीं डोकें कां शिणवावें? परंतु या लहानशा नियमाच्या पोटांत एक फार जुना व अवघड प्रश्न दडलेला आहे. कौतुक म्हणून दिलेली देणगी कोठें संपते आणि खरेदीची किंमत कोठें सुरू होते, हा तो प्रश्न. गेल्या पांच-सहा वर्षांत या नियमांची अशी कांहीं उलथापालथ झाली आहे कीं, जें काल निषिद्ध होतें तें आज बव्हंशीं शिष्टसंमत झालें. तो मूळचा प्रश्न मात्र जागच्या जागींच आहे. आज त्याचाच थोडा विचार करावा, असा माझा मानस आहे.

यासाठीं अमेरिकेंतील विद्यापीठीय खेळांचें स्वरूप प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. आपल्याकडे कॉलेजांचे सामने होतात, तेव्हां खेळाडूंचे मित्र, एखाददुसरे प्राध्यापक आणि फार तर रस्त्यानें जातां जातां थबकलेले चार लोक एवढाच प्रेक्षकवर्ग असतो. तिकडे तसें नाहीं. मिशिगन विद्यापीठाचें ॲन आर्बर येथील फुटबॉलचें क्रीडांगण एक लाखाहून अधिक प्रेक्षकांस सामावून घेतें, आणि सामन्याच्या दिवशीं तें भरतेंही. या प्रेक्षकांत विद्यार्थ्यांपेक्षां बाहेरच्या लोकांचाच भरणा अधिक असतो. गांवांतील दुकानदार, वकील, डॉक्टर, मोटारींचे व्यापारी, आणि वीस-तीस वर्षांपूर्वीं पदवी घेऊन गेलेले परंतु मनानें तेथेंच राहिलेले माजी विद्यार्थी, या सर्वांना विद्यापीठाचा संघ म्हणजे आपल्या घरचें कार्य वाटतें. त्यांतील सधन लोक क्रीडाखात्यास देणग्या देतात, मंडळें स्थापतात, क्रीडांगणें बांधून देतात. अशा मनुष्यास तिकडे 'बूस्टर' म्हणतात. खालून हात देऊन वर चढविणारा, असा त्या शब्दाचा मूळ भाव. आपण त्यास 'पाठीराखा' म्हणूं.

हा पाठीराखा या खेळांच्या जन्मापासूनच त्यांच्या सोबतीस आहे. १८५२ सालीं न्यू हॅम्पशायर संस्थानांतील विनिपसॉकी सरोवरावर हार्वर्ड व येल या दोन विद्यालयांमध्यें नौकांची शर्यत झाली. अमेरिकेंतील आंतरविद्यापीठीय सामन्यांत तीच पहिली समजली जाते. ही शर्यत भरविण्याची कल्पना आणि संघांचा खर्च हीं दोन्हीं एका रेल्वे कंपनीकडचीं होतीं. कारण शर्यत पाहावयास येणारे लोक तिच्याच गाड्यांतून येणार होते. विद्यार्थ्यांनीं वल्हीं मारावींत, व्यापाऱ्यानें पैसे द्यावेत आणि दोघांनींही त्यास निर्मळ खेळ म्हणावें, अशी ही व्यवस्था अगदीं पहिल्या दिवसापासूनची आहे.

पुढें १९०५ च्या मोसमांत फुटबॉलच्या मैदानावर इतके तरुण प्राणांस मुकले कीं, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना पाचारण करून खेळ सुधारण्याविषयीं बजावलें. त्या खळबळींतून १९०६ सालीं विद्यापीठांची एक संघटना निघाली. १९१० सालीं तिला 'नॅशनल कॉलेजिएट ॲथ्लेटिक असोसिएशन' हें नांव मिळालें. या भाषणांत तिला आपण नुसतें 'असोसिएशन' म्हणूं. विद्यार्थी हा हौशी खेळाडू असावा, धंदेवाईक नसावा, हें या असोसिएशनचें ब्रीद होतें. परंतु ब्रीद आणि व्यवहार यांचें सख्य फार काळ टिकलें नाहीं. कार्नेजी फाउंडेशननें १९२९ सालीं विद्यापीठीय खेळांविषयींचा आपला गाजलेला अहवाल प्रसिद्ध केला. शंभराहून अधिक संस्था पाहून तो तयार झाला होता. त्यांपैकीं बहुतेक ठिकाणीं खेळाडूंना या ना त्या वाटेनें पैसे पोंचत असल्याचें त्यांत आढळून आलें. माजी विद्यार्थ्यांचे निधि, व्यापाऱ्यांची कृपा, न केलेल्या कामाचा पगार, अशा त्या वाटा होत्या.

या वाटा बुजविण्याचा पहिला मोठा यत्न १९४८ सालीं झाला. त्या वर्षीं असोसिएशननें 'सॅनिटी कोड', म्हणजे जणूं शहाणपणाची संहिता, मंजूर केली. खेळाडूस मदत करावयाची ती त्याची गरज पाहून, शिक्षणशुल्कापुरती आणि विद्यापीठामार्फतच करावी, असा तिचा रोख होता. दोनच वर्षांनीं, १९५० सालीं, ती न पाळणाऱ्या सात संस्थांना काढून टाकण्याचा ठराव सभेपुढें आला आणि दोन-तृतीयांश मतें न मिळाल्यामुळें फसला. १९५१ सालीं ती संहिताच गुंडाळून ठेवण्यांत आली. अखेर १९५६ सालीं तडजोड झाली. खेळाडूची सांपत्तिक स्थिति कशीही असो, केवळ खेळातील नैपुण्याबद्दल विद्यापीठानें त्याला शिष्यवृत्ति देण्यास हरकत नाहीं, असें ठरलें. शिक्षणशुल्क, निवास, भोजन, पुस्तकें आणि कपडे धुण्यापुरता किरकोळ खर्च एवढ्याचा तींत समावेश होता.

ही तडजोड नीट ध्यानांत ठेवावी, कारण पुढचे सारे नियम तिच्यांतूनच निघाले आहेत. विद्यापीठानें द्यावें, ठरलेल्या मर्यादेंत द्यावें, आणि दुसऱ्या कोणीही कांहीं देऊं नये, असा तिचा अर्थ होता. विद्यापीठाचा हात मोजपट्टीनें बांधलेला असल्यावर पाठीराख्याचा हात मोकळा ठेवून चालणार नव्हतें. नाहीं तर मोजपट्टीला अर्थच उरला नसता.

आतां या नियमांचें अंतरंग पाहूं. २०२१ पर्यंत ते साधारणपणें असे होते. पहिला प्रश्न, पाठीराखा म्हणावें कोणास? ज्यानें क्रीडाखात्यास किंवा पाठीराख्यांच्या मंडळास देणगी दिली. जो अशा मंडळाचा सभासद झाला. ज्यानें एखाद्या होतकरू खेळाडूस विद्यापीठाकडे वळविण्यास मदत केली. ज्यानें खेळाडूस किंवा त्याच्या आप्तांस कांहीं लाभ करून दिला. किंवा अन्य रीतीनें जो तेथील खेळांच्या उत्कर्षास साह्यभूत झाला, तो पाठीराखा. यांतील चौथें कलम मोठें मार्मिक आहे. देणाऱ्याचा विद्यापीठाशीं पूर्वीं कांहींही संबंध नसला, तरी देण्याच्या कृतीनेंच तो पाठीराखा ठरे. आरंभींच्या गोष्टींतील न्हावी ज्या क्षणीं "राहूं दे" म्हणाला, त्याच क्षणीं तो नियमांच्या जाळ्यांत आला. शिवाय एकदां पाठीराखा तो जन्माचा पाठीराखा. देणगी थांबविली, गांव सोडलें, खेळावरचें मन उडालें, तरी ती उपाधि सुटत नसे.

दुसरा प्रश्न भेटीगांठींचा. शाळेंतील नववी इयत्ता सुरू झाली कीं मुलगा किंवा मुलगी नियमांच्या भाषेंत 'संभाव्य खेळाडू' होई. त्याचें मन विद्यापीठाकडे वळविण्यासाठीं पाठीराख्यानें त्यास भेटावयाचें नाहीं, पत्र लिहावयाचें नाहीं, टेलिफोन करावयाचा नाहीं, त्याच्या आईबापांनाही गांठावयाचें नाहीं, असा दंडक होता. मुलाचा सामना खुशाल पाहावा, टाळ्या वाजवाव्या आणि घरीं परतावें. त्या कुटुंबाशीं ज्याचा जुना घरोबा आहे, अशा शेजाऱ्यास येण्याजाण्याची मोकळीक असे. मात्र त्या घरोब्याआडून विद्यापीठाची दलाली होऊं नये, एवढीच अट होती.

तिसरा आणि सर्वांत नाजूक प्रश्न लाभाचा. त्याची कसोटी मात्र सोपी होती. जी सवलत विद्यापीठांतील इतर सर्वसाधारण विद्यार्थ्यांना मिळत नाहीं, ती खेळाडूस किंवा त्याच्या आप्तांस खेळाडू म्हणून मिळाली, तर तो 'विशेष लाभ' समजावा. रोख पैसा, कर्ज, कर्जाला जामीन राहणें, वापरावयास मोटार, विमानाचें तिकीट, दुकानांतील खास सूट, फुकट केशकर्तन, फुकट कपडेधुलाई, हे सारे यांत आले. तोच न्हावी आपल्या दुकानावर 'सर्व विद्यार्थ्यांस निम्मा दर' अशी पाटी लावता, तर खेळाडूनेंही तेथें निर्धास्त जावें! क्वचित् एखाद्या विशेष प्रसंगीं पाठीराख्यानें खेळाडूस घरीं जेवावयास बोलावण्यास परवानगी होती. हॉटेलांत नेण्यास नव्हती. घरचें जेवण हा पाहुणचार, आणि हॉटेलांतील जेवण हा व्यवहार, असा हा भेद दिसतो. सुटींत पाठीराख्यानें खेळाडूस नोकरी द्यावी. परंतु पगार प्रत्यक्ष केलेल्या कामाचा आणि त्या गांवीं त्या कामास चालत असलेल्या दरानेंच असावा. २००६ च्या ऑगस्टमध्यें ओक्लाहोमा विद्यापीठानें आपल्या फुटबॉल संघांतील दोन खेळाडूंस काढून टाकलें. त्यांतील एक तर संघाचा मुख्य आधार होता. एका मोटारविक्रीच्या दुकानांत न केलेल्या तासांचा पगार त्यांनीं घेतला होता.

लाभ लहान असेल, तर त्याची किंमत एखाद्या धर्मादाय संस्थेस दिल्यावर खेळाडूचा हक्क त्यास परत मिळे. लाभ मोठा असेल, तर कांहीं सामने, कधीं सबंध मोसम, तर कधीं सारें विद्यापीठीय आयुष्यच वायां जाई.

येथें आपल्या मनांत साहजिकच शंका येते कीं, अपराध जर देणाऱ्याचाही आहे, तर शिक्षा एकट्या घेणाऱ्यालाच कां? याचें उत्तर असोसिएशनच्या घडणींत आहे, आणि माझ्या मतें हीच या विषयाची खरी किल्ली आहे. असोसिएशन म्हणजे सरकार नव्हे. ती विद्यापीठांनीं स्वखुषीनें स्थापन केलेली एक संस्था आहे, आणि तिचा अंमल तिच्या सभासदांवरच चालतो. विद्यापीठास ती दंड करूं शकते, आणि विद्यापीठाकरवीं विद्यार्थ्यास मैदानाबाहेर बसवूं शकते. परंतु मोटारींच्या व्यापाऱ्याचें ती काय करणार? तिच्यापाशीं शिपाई नाहीं, समन्स नाहीं, तुरुंग नाहीं. फार तर ती विद्यापीठास सांगते कीं, या गृहस्थाशीं संबंध तोडा, त्याची देणगी घेऊं नका. म्हणजे ज्याच्यापाशीं पैसा आणि प्रौढपण दोन्हीं आहेत, तो नियमाच्या बाहेर. आणि ज्याच्यापाशीं दोन्हीं नाहींत, तो विद्यार्थी नियमाच्या आंत. नियमाचा हात जेथवर पोंचतो, तेथेंच शिक्षा पडते. अपराध जेथें उपजतो, तेथें ती पडतेच असें नाहीं.

यासंबंधीं दोन उदाहरणें सांगण्यासारखीं आहेत. टेक्सास संस्थानांतील डल्लस शहरीं सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठ आहे. तेथील फुटबॉल संघावर नियमभंगाबद्दल पूर्वींच शिक्षा चालू असतां, १९८५-८६ या वर्षांत एका पाठीराख्यानें पुरविलेल्या निधींतून तेरा खेळाडूंना मिळून सुमारें ६१,००० डॉलर वांटण्यांत आले. महिन्याची रक्कम ५० डॉलरांपासून ७२५ डॉलरांपर्यंत असे. याहून गंभीर गोष्ट ही कीं, क्रीडाखात्यांतील अधिकाऱ्यांना हें ठाऊक होतें. इतकेंच नव्हे, तर विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे माजी प्रमुख आणि पुढें टेक्सासचे गव्हर्नर झालेले बिल क्लेमेंट्स यांनीं १९८७ च्या मार्चमध्यें आपणांसही तें माहीत असल्याची कबुली दिली. खेळाडूंना शब्द दिला होता, तेव्हां तो एकदम मोडण्याऐवजीं देणें हळूहळू संपवावें, असा विचार झाला होता! २५ फेब्रुवारी १९८७ रोजीं असोसिएशननें त्या संघाचा १९८७ चा सबंध मोसम रद्द केला. १९८८ चा मोसम विद्यापीठानें स्वतःच सोडून दिला. या शिक्षेला तिकडे 'मृत्युदंड' असेंच म्हणतात. १९८९ सालीं संघ पुन्हां मैदानांत उतरला खरा; परंतु १९८४ नंतर मोसमाअखेरच्या मानाच्या सामन्यास पात्र ठरावयास त्यास २००९ साल उजाडावें लागलें.

दुसरें उदाहरण मिशिगन विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचें. तेथें एका पाठीराख्यानें बेकायदा जुगारांतील पैशांतून चार खेळाडूंना सुमारें ६,१६,००० डॉलर कर्जाऊ दिल्याचें सरकारी चौकशींत निघालें. २००२ सालीं विद्यापीठानें आपण होऊन क्रीडागृहांतील विजयपताका उतरविल्या, १९९२ व १९९३ सालच्या गाजलेल्या यशाची नोंद पुसून टाकली आणि २००२-०३ च्या संघास मोसमानंतरच्या स्पर्धेंत भाग घेऊं दिला नाहीं. या शेवटच्या संघांतील मुलांनीं त्या पैशास स्पर्शही केलेला नव्हता. पैसे घेणारे केव्हांच धंदेवाईक खेळाडू होऊन गेले होते. प्रायश्चित्त मागें राहिलेल्यांच्या वांट्यास आलें.

परंतु नाण्याची दुसरीही बाजू आहे. ज्या हौशी वृत्तीच्या रक्षणासाठीं विद्यार्थ्याचे हात असे बांधले, ती वृत्ति इतर कोणी पाळीत होतें काय? १९८४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सामन्यांच्या दूरचित्रवाणीचे हक्क असोसिएशनच्या मुठींतून सोडविले आणि विद्यापीठांच्या दारीं पैशांचा ओघ लागला. २०१० सालीं तर पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा चौदा वर्षांचा करार १,०८० कोटी डॉलरांस झाला. क्रीडाशिक्षकांचे पगार विद्यापीठांच्या अध्यक्षांच्या पगारांहून कितीतरी वर गेले. आणि त्याच २०१० सालीं जॉर्जिया विद्यापीठाच्या एका खेळाडूनें स्वतःचा एक जुना अंगरखा हजार डॉलरांस विकला, म्हणून त्यास चार सामने बाहेर बसावें लागलें! खेळाडूंस पोटभर खाऊं घालण्यावरील निर्बंध असोसिएशननें उठविले ते २०१४ सालीं. तेंही एका विजयी संघाच्या नायकानें आपण कधीं कधीं उपाशीं झोपतों असें जाहीरपणें सांगितल्यानंतर. सर्वांनीं पोटभर जेवावें आणि यजमानीण मात्र उपाशीं राहावी, अशी ही पंगत होती.

ही विसंगति फार दिवस टिकणें शक्य नव्हतें. ३० सप्टेंबर २०१९ रोजीं कॅलिफोर्निया संस्थानाच्या गव्हर्नरांनीं एका कायद्यावर सही केली. आपलें नांव, आपली छबी आणि आपली प्रतिमा यांच्या व्यापारी उपयोगाबद्दल विद्यार्थ्यानें मोबदला घ्यावा आणि विद्यापीठानें त्यास त्याबद्दल शिक्षा करूं नये, असा तो कायदा. इतर संस्थानेंही त्याच वाटेनें निघालीं. २१ जून २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनीं एकमतानें निकाल दिला कीं, शिक्षणाशीं निगडित लाभांवर असोसिएशननें घातलेल्या मर्यादा मक्तेदारीविरोधी कायद्याशीं विसंगत आहेत. लगेच १ जुलै २०२१ पासून असोसिएशननें नांव-छबी-प्रतिमेबद्दलची बंदी उठविली.

आतां आपल्या न्हाव्याची गोष्ट पुन्हां आठवा. पूर्वीं तो खेळाडूचे केस फुकट कापूं शकत नव्हता. १ जुलै २०२१ नंतर तो त्याच खेळाडूचें छायाचित्र दुकानावर लावून त्याबद्दल त्यास हजार डॉलर देऊं लागला, तरी तो अपराध राहिला नाहीं! मात्र नवी व्यवस्था जाहिरातीच्या मोबदल्यासाठीं होती, खरेदीसाठीं नव्हती. 'अमुक विद्यापीठांत येशील तर देईन' असें म्हणण्यास बंदी कायमच होती. पाठीराख्यांनीं एकत्र येऊन 'कलेक्टिव्ह' नांवाच्या मंडळ्या काढल्या, लाखों डॉलर जमविले आणि ते करारांच्या रूपानें खेळाडूंस वांटण्यास आरंभ केला. करारांत काम नांवाला असे. खरा हेतु संघ उभारण्याचा. २०२२ च्या मे महिन्यांत असोसिएशननें बजावलें कीं, या मंडळ्याही पाठीराख्याच आहेत आणि त्यांनीं होतकरू खेळाडूंशीं बोलणीं करूं नयेत. २०२४ च्या जानेवारींत फ्लॉरिडा स्टेट विद्यापीठास शिक्षा झाली. तेथील एका उपशिक्षकानें दुसऱ्या विद्यापीठांतून येऊं पाहणाऱ्या एका खेळाडूस व त्याच्या आईबापांस आपल्या मोटारींतून एका पाठीराख्याकडे नेलें होतें आणि तेथें दरमहा सुमारें १५,००० डॉलरांची भाषा झाली होती. परंतु पुढच्याच महिन्यांत, २३ फेब्रुवारी २०२४ रोजीं, टेनेसी व व्हर्जिनिया या संस्थानांच्या फिर्यादीवरून एका संघन्यायालयानें अशा बोलण्यांवरील बंदीची अंमलबजावणी थांबविली. कोण किती देऊं करतो हें कळल्यावांचून मुलानें आपलें मोल कसें ठरवावें, असा त्या फिर्यादीचा आशय होता. आणि तो अगदींच चुकीचा होता, असें कोण म्हणेल?

अखेरचा मोठा पालट ६ जून २०२५ रोजीं झाला. कॅलिफोर्नियांतील न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनीं एका मोठ्या दाव्यांतील तडजोडीस संमति दिली. तिच्या अन्वयें मागील खेळाडूंस सुमारें २८० कोटी डॉलर दहा वर्षांत मिळावयाचे आहेत. १ जुलै २०२५ पासून विद्यापीठें आपल्या खेळाडूंना प्रत्यक्ष पैसे देऊं शकतात. पहिल्या वर्षीं त्याची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठास सुमारें २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. बाहेरच्या लोकांशीं केलेला ६०० डॉलरांचा किंवा त्याहून मोठा करार खेळाडूनें नोंदविला पाहिजे. ज्यानें विद्यापीठास आजवर मिळून ५०,००० डॉलरांहून अधिक रक्कम दिली, असा दाता 'संबंधित व्यक्ति' समजला जातो आणि त्याचे करार अधिक बारकाईनें तपासले जातात. या तपासणीच्या कसोट्या दोन. करारामागें खराखुरा व्यापारी हेतु आहे काय? आणि दिलेली रक्कम तशा कामास बाजारांत मिळते तेवढीच आहे काय?

श्रोतेहो, या दोन कसोट्या ऐकतांना आपणांस कशाची आठवण होते? सुटींतील नोकरीच्या त्या जुन्या नियमाची! प्रत्यक्ष केलेलें काम आणि गांवांत चालत असलेला दर. पाऊणशें वर्षांची ही खटपट, न्यायालयें, तडजोडी आणि कोट्यवधि डॉलर या सर्वांच्या पलीकडे जाऊन पाहिलें, तर प्रश्न तोच उरतो. हा मनुष्य पैसे देतो, ते कामाचे कीं माणसाचे?

हा विषय आपणांपासून दूरचा आहे, असें मात्र कोणी समजूं नये. आपल्याकडील मुलेंमुली खेळाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेंत जाऊं लागलीं, त्यालाही आतां बरींच वर्षें झालीं. सोमदेव देववर्मन यानें व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळून २००७ व २००८ अशीं लागोपाठ दोन वर्षें टेनिसचें राष्ट्रीय विद्यापीठीय अजिंक्यपद मिळविलें. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून खेळला. अशा मुलांच्या पालकांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली अशी कीं, परदेशी विद्यार्थ्याच्या 'एफ-१' परवान्यावर अमेरिकेंत नोकरीधंदा करण्यास कडक मर्यादा आहेत. शेजारच्या अमेरिकन खेळाडूस जो जाहिरातीचा करार बिनधोक, तोच आपल्या मुलास परवान्याच्या दृष्टीनें घातक ठरूं शकतो. खेळाचा नियम सैल झाला, म्हणून देशाचा कायदा सैल झाला, असें नव्हे. सही करण्यापूर्वीं विद्यापीठांतील परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीचा आणि जाणत्या वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.

दुसरी गोष्ट आपल्या स्वभावाची आहे. परक्या मुलखांत मराठी बोलणारें घर भेटलें कीं दोन्हींकडून जीव लागतो. सणाला बोलावणें, विमानतळावरून आणणें, परततांना हातावर पैसे ठेवणें, हें सारें आपणांस माणुसकीचें वाटतें, आणि तें असतेंही. परंतु तो यजमान जर त्या विद्यापीठाच्या क्रीडाखात्याचा देणगीदार असेल, तर त्याच्या हातचें पाकीट मुलास अडचणींत आणूं शकतें. म्हणून मुलानें लाजूं नये. विद्यापीठांत नियमपालन पाहणारा अधिकारी असतो, त्यास आधीं विचारावें आणि मगच होय म्हणावें. यजमानानेंही त्या विचारण्याचा राग मानूं नये. उलट खऱ्या प्रेमाची हीच खूण समजावी.

धर्माच्या गाईचे दांत पाहूं नयेत, असें आपल्याकडे म्हणतात. या खेळाडूंना मात्र ते मोजूनच पाहावे लागतात. कारण त्या गाईची किंमत पुढें केव्हां तरी त्यांच्याकडूनच वसूल होते. नियम बदलतील, न्यायालयें नवे निकाल देतील, आंकडे वाढतील. परंतु कोणी कांहीं देऊं केलें असतां मुलानें मनाशीं एक प्रश्न विचारावा. 'मी उद्यां खेळूं शकलों नाहीं, तरी हा मनुष्य मला हें देईल काय?' उत्तर 'होय' असें आलें, तर ती बहुधा माया आहे. 'नाहीं' असें आलें, तर तो सौदा आहे. सौदा करण्यांत पाप नाहीं. आतां तर त्यास मोकळीकही मिळाली आहे. मात्र सौदा करावयाचा तो सौदा म्हणून, अटी वाचून आणि नोंद करून करावा. मायेचें पांघरूण घेऊन आलेल्या सौद्यानें आजवर अनेक मुलांचीं उमेदीचीं वर्षें हिरावून नेलीं आहेत, आणि तीं मात्र कोणत्याही तडजोडींत परत मिळत नाहींत.